सातबावच्या पाटलाने दिलेली नावं

रामनाथ हरी चुरी यांना सातबावात कुणी वाईट माणूस म्हटलं नसतं. बोईसर स्टेशन आणि समुद्र यांच्या मधल्या या गावात त्यांची दोन एकरांची वाडी होती. चिकू, नारळ, आणि विहिरीच्या अंगाला पानमळा. गाव त्यांना अण्णा म्हणे. ते गावचे पोलीस पाटील होते, जसे त्यांचे वडील होते आणि वडिलांचे वडील. भांडत आलेली माणसं त्यांच्या ओटीवर चहा पीत आणि आवाज उतरवून घरी जात. मी त्यांना पाहिलं ते फार उशिरा, पाटीलकी जाऊन बरीच वर्षं झाल्यावर. ही हकिगत मला त्यांच्या बायकोने, प्रेमलाकाकूंनी सांगितली, आणि काही भाग कातकरी वाडीतल्या सोमीने. अण्णा स्वतः यातलं काही बोलले नाहीत.

पाटीलकीतलं एक काम असं होतं की त्याबद्दल ते घरातही बोलत नसत. आसपास चोरी झाली की चौकीवरचा हवालदार येई. इकडचं तिकडचं बोलून झालं की विचारी, "बोला अण्णा, कोण?" आणि अण्णा एक नाव देत.

नाव नेहमी नाल्यापलीकडच्या कातकरी वाडीतलं असे. गुरचरणाच्या तुकड्यावर अकरा झोपड्या होत्या. माणसं बागांत राखण करीत, खाडीत मासे धरीत, थंडी पडली की मनोरकडच्या जंगलात कोळशाच्या भट्ट्या लावायला जात. कातकरी म्हणजे जन्मतःच चोर, ही समजूत इंग्रजांच्या वेळची. त्यांनी तसा कायदाच केला होता. तो रद्द होऊन बरीच वर्षं झाली होती, पण चौकीत बसणाऱ्यांच्या डोक्यातून तो निघाला नव्हता. काही चोरीला गेलं की कातकरी उचलायचा हे ठरलेलं. विचार करायचा तो कुठला उचलायचा, एवढाच.

अण्णांनी यात आपल्या परीने न्याय आणला होता. हे सांगताना प्रेमलाकाकू दर वेळी थांबत. ज्याची बायको बाळंतीण आहे त्याचं नाव ते देत नसत. म्हातारा नको, आजारी नको. मागच्या खेपेला गेलेला माणूस या खेपेला नको. वाडीचा म्हातारा भिका, याच्याशी ते आधी बोलून घेत. भिका बोटांवर मोजून सांगे, आता बारी अमक्याची. मग ज्याची बारी असे तो स्वतःच खांद्यावर कांबळं टाकून ओटीखाली येऊन उभा राही. तीन-चार दिवसांनी तो परत येई, कधी लंगडत, कधी ओठ फुटलेला. अण्णा त्याच्या घरी तांदूळ पाठवीत. बारा वर्षांत त्यांनी अशी नऊ नावं दिली. त्यांतल्या एकानेही काही चोरलं असेल असं त्यांना कधीही वाटलं नव्हतं.

चौसष्ट साली बोईसरपासून समुद्राकडे नवा रस्ता निघाला. किनाऱ्याला मोठं काम यायचं होतं, कामगारांसाठी वसाहत व्हायची होती. दिवसभर ट्रक धावत. रस्त्याकडेच्या चिकूच्या पानांवर पांढरी धूळ बसली ती पावसाळ्यापर्यंत उतरली नाही. परमुलखातले मजूर आले, हिंदी बोलणारे मुकादम आले, आणि ठेकेदाराच्या कोठारातून वस्तू जाऊ लागल्या. सिमेंट, लोखंडी सळ्या, तांब्याची तार. बैलगाडीभर सळ्या एका रात्रीत गेल्या. कातकऱ्यांकडे बैल नव्हता, गाडी नव्हती, सळई विकायला ओळखीचं दुकान नव्हतं. तरी नाव त्यांचंच लागे. आणि पूर्वी दोन-दोन वर्षांनी लागणारं नाव आता चार-चार महिन्यांनी लागू लागलं.

जुना हवालदार बदलून गेला होता. चौकीला नवा फौजदार आला होता, घाटावरचा, तरणा, टापटिपीचा. तो चहा घेत नसे. पासष्टच्या माघात तो पहिल्यांदा अण्णांच्या ओटीवर आला तेव्हा उभ्यानेच बोलला.

"तांब्याची तार गेलीय. माणूस द्या."

अण्णांनी भिकाला विचारलं. बारी मंगळ्याची होती. मंगळ्या तिशीच्या आतला, खेकडे धरण्यात पटाईत, हसरा माणूस. तो कांबळं घेऊन आला आणि फौजदाराच्या मागे गेला.

चार दिवस झाले, तो आला नाही. आठ झाले. अण्णा चौकीवर गेले तर त्यांना बाहेरच्या बाकावर बसवून ठेवलं आणि दुपारी सांगितलं, चौकशी चालू आहे. चौकीच्या मागच्या अंगाला कुणीतरी सारखं पाणी ओतत होतं. बादलीमागून बादली. अण्णा ते ऐकत बसले आणि मग उठून घरी आले.

अकराव्या दिवशी मंगळ्याला त्याच्या भावाने, नवशाने, गाडीत घालून आणलं. त्याला बसता येत नव्हतं. त्याच्या लघवीतून रक्त जात होतं. अण्णांनी पालघरहून डॉक्टर आणला. डॉक्टरने पोटावर हात ठेवला, काही लिहून दिलं, आणि अण्णांकडे न बघता निघून गेला. सोळा दिवसांनी मंगळ्या मेला.

जन्ममृत्यूची वही पोलीस पाटलाकडे असते. त्याच दिवशी फौजदार आला. या खेपेला तो बसला.

"कावीळ जोरात आहे सध्या," तो म्हणाला. "तुमच्या वाडीतला एक गेला म्हणे काविळीने."

अण्णांनी वही उघडली. टाक बुडवला. मंगळ्या, जात कातकरी, वय अंदाजे अठ्ठावीस. पुढच्या रकान्यात त्यांनी कावीळ असं लिहिलं. शाई वाळेपर्यंत फौजदार थांबला.

त्यानंतर गावात काही बदललं असं बोटाने दाखवता येणार नाही, पण बदललं होतं. ठेकेदाराचा मुकादम आता रोज नाल्याच्या काठाला येऊन उभा राही. कधी एकटा, कधी टेप धरणाऱ्या दोन माणसांबरोबर. कातकऱ्यांची कुत्री त्याच्यावर भुंकत. एके सकाळी तिन्ही कुत्री मेलेली सापडली, तोंडाला फेस आलेली.  भिकाने ती नाल्यात पुरली.

प्रेमलाकाकूंचा भाऊ चिंतू ठेकेदाराला बैलगाड्या पुरवत असे. तो एका रविवारी जेवायला आला आणि पान लावता लावता म्हणाला, "भावजी, ती गुरचरणाची जागा ठेकेदाराला सामान ठेवायला पायजे. रस्त्याला लागून हाय. वाडी तेवढी उठली म्हंजे झालं."

"गुरचरण सरकारचं हाय. कुनी दिलं त्याला?"

"ते मिळंल. कागद व्हतील. तुमी मधी येऊ नका म्हंजे झालं. गावातबी कोनी मधी येनार नाय. प्रत्येकाचं काय ना काय रस्त्यात गुंतलेलं हाय."

हे खरं होतं. कुणाची खडी जात होती, कुणाच्या घरात मुकादम भाड्याने राहात होते. कातकरी उठले तर बागेची राखण कोण करणार असं दोन वर्षांपूर्वी विचारणारे लोक आता, राखणीला परगावचा भय्या बरा, असं म्हणत होते.

चैत्र संपता संपता कोठारातून तारेचं अख्खं रीळ गेलं. चार माणसांशिवाय न हलणारं. फौजदार आला तो हातात कागद घेऊनच.

"एकेक माणूस द्यायचं बंद करा पाटील," तो म्हणाला. "ही काय भाजीची जुडी आहे, एकेक काडी काढून द्यायला? हा कागद वाचा आणि सही करा."

कागद लिहून तयार होता. सातबावच्या पोलीस पाटलाचा अहवाल म्हणून. नाल्यापलीकडची वस्ती हा सराईत चोरांचा अड्डा आहे, गेल्या बारा वर्षांत येथील नऊ इसम चोरीच्या संशयावरून पाटलाने स्वतः पोलिसांच्या हवाली केले आहेत, सबब ही वस्ती तातडीने उठवावी अशी समस्त गावकऱ्यांची मागणी आहे.

अण्णांनी तो दोनदा वाचला. नऊचा आकडा बरोबर होता. त्यांनीच दर खेपेला चौकीत लिहून दिलं होतं. एकेक माणूस देऊन बाकीचे वाचवतो आहोत असं त्यांना वाटत होतं, आणि तेच नऊ आता सगळ्या वाडीविरुद्ध पुरावा म्हणून उभे होते.

"विचार करून सांगतो," ते म्हणाले.

"सोमवारी येतो," फौजदार म्हणाला. "विचार करण्यासारखं त्यात काही नाही."

तो गुरुवार होता. अण्णा पानमळ्यात गेले, परत आले, पुन्हा गेले.  गावात बातमी फुटली होती. वाटेने जाणारी माणसं ओटीकडे बघून घेत आणि न थांबता पुढे जात. शनिवारी दुपारी, ऊन अगदी डोक्यावर असताना, मागील दारी सोमी आली. मंगळ्याची बायको. बारीचा माणूस सोडला तर कातकऱ्याने मागील दारीच यायचं असा रिवाज होता. प्रेमलाकाकूंनी तिच्या ओंजळीत वरून पाणी घातलं, ती प्याली, आणि म्हणाली, "अन्नाला बोलव."

कातकरी माणूस कुणालाही अहोजाहो करत नाही. तो साहेबालाही तू म्हणतो. सोमी अण्णांना तूच म्हणत असे.

"अन्ना, मंगल्याचा नाव तू दिलास ना?"

"बारी त्याची व्हती, सोमे."

"बारी कोनी लावली?"

अण्णा नाल्यापलीकडे बघू लागले.

"भिका म्हनतो तू लावलीस. तू म्हनशील भिकाला इचारून लावली. सगल्यांना मारतील, त्यापरीस एकाला द्यायचा. बरा. मी पन गपच रायले ना. मंगल्या कांबला घेऊन गेला तवा मला बरा वाटला. म्हनला, आता दोन वर्सा तरी आपल्या घराची बारी नाय." ती खाली बघून बोलत होती, आवाज चढवत नव्हती. "आता म्हनतात सगल्या वाडीचीच बारी आली. मंग मला येवढा सांग. तुजी बारी कदी?"

तिने उत्तराची वाट पाहिली. मग उठली, लुगड्याला लागलेली माती झटकली आणि नाल्याकडे चालू लागली. उन्हात ती झोपड्यांपर्यंत जाईस्तोवर अण्णा दारात उभे होते.

प्रेमलाकाकू चुलीशी होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"सही करू नका असं मी सांगनार नाय," त्या म्हणाल्या. "घर तुमचं, पाटीलकी तुमची. पन केलीत तर उद्यापासून त्या बाईच्या ओंजळीत पानी घालाया मला सांगू नका. माझ्यानं व्हनार नाय."

अण्णा जेवले नाहीत. त्यांनी माजघराचं दार ओढून घेतलं आणि लिहायला बसले. फौजदाराचा कागद बाजूला ठेवून त्यांनी स्वतःचा कागद घेतला. उन्हं कलेपर्यंत ते लिहीत होते. पुढे त्या कागदाची एक प्रत घरात राहिली होती, ती मी वाचली आहे. मी, रामनाथ हरी चुरी, वय एकावन्न, सातबावचा पोलीस पाटील, स्वखुशीने लिहून देतो, अशी सुरुवात आहे. पुढे नऊ नावं आहेत, प्रत्येकापुढे साल आणि चोरी कशाची होती ते. प्रत्येक नावाखाली एकच वाक्य पुन्हा पुन्हा लिहिलं आहे: याच्याविरुद्ध माझ्याकडे काही पुरावा नव्हता. शेवटी असं आहे: 'मंगळ्या याचा मृत्यू मी वहीत कावीळ असा नोंदला. त्यास कावीळ नव्हती. त्याचे डोळे पांढरे होते, ते मी पाहिले होते. तो चौकीतून आला तेव्हा त्यास बसता येत नव्हते. ही नोंद खोटी आहे व ती मी केली.'

सोमवारी फौजदार आला तेव्हा अण्णा घरी नव्हते. ते पालघरला सावे वकिलांकडे बसले होते. सावे नात्यातले, लांबचे. त्यांनी कागद वाचला, चष्मा काढला आणि पुसत बसले.

"अण्णा, हा कागद फौजदाराला बाधेल की नाही ठाऊक नाही. तुम्हाला आधी बाधेल. खोटी नोंद केली हे तुम्ही स्वतःच्या हाताने लिहून देताय."

"लिहिलंय ते खरं हाय."

"खरं आहे म्हणूनच बाधेल." वकिलांनी चष्मा लावला. "फाडून टाका. आजारी पडा. दोन महिने सासुरवाडीला जाऊन राहा. वाडी उठायची ती उठेल, तुमची सही नसेल त्यावर. एवढं पुरे नाही का?"

अण्णांनी नकारार्थी मान हलवली. वकिलांनी उसासा टाकला आणि अर्ज लिहायला घेतला. वाडी हलवण्यास मनाई व्हावी, चौकशी व्हावी. बुधवारी प्रांताधिकारी पालघरला येणार होते. त्यांच्यासमोर अण्णांना उभं केलं.

प्रांत वयाने फार मोठे नव्हते. त्यांनी कागद वाचला, पुन्हा पहिल्यापासून वाचला.

"हे तुम्हाला कुणी लिहायला लावलं?"

"कुणी नाही साहेब. एका बाईने एक प्रश्न विचारला, त्याचं उत्तर मला आलं नाही."

"कोण बाई?"

अण्णांचं तोंड उघडलं. बारा वर्षांची सवय होती. मग ते मिटलं.

"नाव नाही सांगायचा, साहेब."

प्रांतांनी वर पाहिलं. सावे वकिलांनी अण्णांचा सदरा मागून ओढला.  मग प्रांतांनी टाक उचलला. चौकशी पूर्ण होईपर्यंत वस्ती हलवू नये, असा हुकूम त्यांनी दिला.

अण्णा हुकूम खिशात घालून आले. गावात पाऊल टाकलं तेव्हाच त्यांना कळलं की बातमी आधीच पोहोचली आहे. देवळाजवळच्या पारावर सात-आठ माणसं बसली होती. अण्णा जवळ आले तशी बोलणी थांबली आणि ते पुढे गेल्यावरही सुरू झाली नाहीत.

तिसऱ्या दिवशी त्यांना पानमळा उदास वाटला. पानं जराशी मऊ पडली होती, कडा खाली वळल्या होत्या. ऊन जास्त झालं असेल म्हणून त्यांनी पाणी सोडलं. दुसऱ्या दिवशी पानं आणखी उतरली. अण्णा वाकले, वेलाच्या बुडाची माती बाजूला केली. वेल जमिनीलगत कापलेला होता, धारदार कोयत्याने, एकाच घावात. त्यांनी पुढचा वेल पाहिला. त्याच्या पुढचा. सगळे वेल आधाराला उभेच्या उभे होते, हिरवे दिसत होते, आणि मेलेले होते. हे काम दिवसाढवळ्या झालं होतं, ते आणि प्रेमलाकाकू देवदर्शनाला शिरगावला गेले होते त्या दुपारी. आजूबाजूच्या तिन्ही वाड्यांत तेव्हा माणसं होती. कुणी काही पाहिलं नव्हतं.

चिंतू आला नाही. त्याने निरोप पाठवला, ताईला म्हणावं माहेरी यायचं तर एकटी ये.

त्याच आठवड्यात सकाळी तीन ट्रक नाल्याशी येऊन थांबले. मागे तीसेक मजूर, हातांत पहारी आणि फावडी. अण्णा घाईने नाला ओलांडून गेले. कातकरी झोपड्यांबाहेर उभे होते. सोमी सगळ्यांच्या पुढे होती, हातात काही नाही. अण्णा तिच्या शेजारी जाऊन उभे राहिले आणि त्यांनी हुकूम शेवटच्या शब्दापर्यंत वाचून दाखवला. 

मुकादम हसून हात जोडत पुढे आला. "पाटीलजी, आप घर जाइए. धूप बहुत है. आपकी तबीयत बिगड जाएगी."

फौजदार मागच्या ट्रकजवळ उभा होता. त्याने हुकूम मागून घेतला, वाचला, घडी घालून परत दिला.

"वस्ती हलवू नये असं लिहिलंय. कोण हलवतंय? ट्रक उभे करू नयेत असं यात कुठे आहे?"

ट्रक तिथेच राहिले. मजुरांनी नाल्याकाठी चुली मांडल्या. पाणी भरायची वाट त्यांच्यामधून जात होती. कातकरी बायका हंडे घेऊन निघाल्या की मजूर बोलायचं थांबवून बघत राहात. कुणी हात लावत नव्हतं, शिवी देत नव्हतं. रोज सकाळी तिन्ही ट्रकांची इंजिनं सुरू करत, घटकाभर नुसती घरघरत ठेवत, आणि बंद करत. चौथ्या दिवशी ट्रक चार झाले. अण्णा रोज सकाळी जाऊन बसत, दुपारी प्रेमलाकाकू भाकरी घेऊन जात. गावातून तिसरं कुणी आलं नाही.

दहाव्या दिवशी सकाळी अण्णा गेले तर भिका बोचकं बांधून बसला होता. त्याच्या मागे आणखी सहा घरांतली माणसं, पोरं, कोंबड्या टोपलीत.

"कुठं निघालास? हुकूम हाय आपल्याकडं. कोनी हलवू शकत नाय तुमाला."

"ठावा हाय." भिकाने बोचकं डोक्यावर घेतलं. "तू चांगला केलास, अन्ना. पन मला इचारशील तर आदीच बरा होता. एक जायचा, बाकीचे निजायचे. आता कोनीच निजत नाय."

सात घरं मनोरच्या वाटेने पूर्वेला गेली. दप्तरात लिहिलं गेलं की ती स्वखुशीने गेली. उरलेल्या चार घरांत एक सोमीचं होतं, एक नवशाचं.

पावसाआधी चौकशी झाली. मंगळ्याबद्दल डॉक्टरने काही आठवत नाही म्हणून सांगितलं. फौजदाराची दुसऱ्या तालुक्यात बदली झाली, तेवढंच. अण्णांनी खोटी नोंद स्वतः कबूल केली होती, त्यामुळे त्यांची पाटीलकी गेली. ती चिंतूच्या एका मित्राकडे गेली. पण मनाई हुकूम टिकला. पावसाने नाल्याकाठच्या चुली वाहून नेल्या, ट्रक निघून गेले, ठेकेदाराने कोठार दुसरीकडे बांधलं. सदुसष्ट साली तिथल्या घरांना राहत्या जागेचे कागद मिळाले. वसाहत झाल्यावर नवशाला तिथे माळ्याचं काम लागलं. सातबावात पुन्हा पाटलाकडे कुणी नाव मागितलं का, हे मी प्रेमलाकाकूंना विचारलं. त्या म्हणाल्या, आता आमच्या ओटीवर कोण येतंय, आमाला काय कळनार.

पण अण्णांच्या मनातून ती सात घरं गेली नाहीत. त्याच पासष्ट साली, पाकिस्तानशी चाललेली लढाई थांबल्यावर, मार्गशीर्षात ते मनोरला गेले. कोळशाचा हंगाम सुरू झाला होता. हमरस्ता सोडून ते जंगलात दोन कोस चालले. भट्ट्या दिसल्या, मातीने लिंपलेल्या, वरून निळा धूर सुटत होता. शेजारी पाल्याच्या खोपी होत्या. चुलीवर भात रटरटत होता. एका खोपीत झोळी अजून हलत होती, रिकामी. माणूस एकही नव्हता.

"भिका!" अण्णांनी हाक मारली. "अरे भिका, मी अण्णा! सातबावचा!"

झाडांत काही हललं नाही. ते पुन्हा ओरडले, परत या, जागा तुमची होणार आहे.  भट्टीवाल्याचा राखणदार पलीकडून सगळं बघत होता. तो म्हणाला, "तुमाला लांबून वळखलं त्यांनी. नावं सांगनारा आला, म्हनून पलाले."

पौषात ते पुन्हा गेले, या खेपेला सोमीला घेऊन. भट्ट्या दिसायच्या आधीच सोमी थांबली. वाटेकडेला एक दगड होता.

"तू हितं बस," ती म्हणाली. "त्वांड तिकडं कर, रस्त्याकडं. मी बोलवल्याबिगर वलू नको."

अण्णा बसले, जंगलाकडे पाठ करून. पालापाचोळ्यावरून सोमीची पावलं लांब गेली. मग तिची हाक ऐकू आली, एकेकाचं नाव घेऊन, कातकऱ्यांच्या बोलीत. बराच वेळ नुसती तिचीच हाक. मग एक दुसरा आवाज, एका बाईचा. मग आणखी एक, मूल रडल्याचा. शेवटी एक म्हातारा खोकला, अगदी जवळून, त्यांच्या मागे वीस हातांवर असेल. तो त्यांनी ओळखला. मान वळवावी असं त्यांना फार वाटलं. त्यांनी गुडघे घट्ट धरले आणि समोरच्या वाटेकडे बघत राहिले.

ऊन कलल्यावर सोमी आली. तिच्या केसांत काटक्या अडकल्या होत्या.

"दोन घरा येतात म्हनतात. होलीनंतर. बाकीची नाय येत."

"भिका?"

"नाय." तिने केसांतली एक काटकी काढली. "तो त्या सागाच्या मागं हाय. म्हनतो, अन्नाला आदी जाऊ दे. तू गेल्याबिगर तो भायेर येनार नाय. भात करपतोय त्याचा."

अण्णा उठले. पायाला मुंग्या आल्या होत्या, त्यांना जरा वेळ उभं राहावं लागलं. मग ते मनोरच्या दिशेने चालू लागले, आणि हमरस्ता येईपर्यंत त्यांनी मागे पाहिलं नाही.